खूनबाईचं लॅटिन आडनाव

पोस्टाच्या खिडकीमागे बसून दिवसभर शिक्के मारणारी ही बाई पहाटे उठून माणसं मारायची. कागदावर हो! तिच्या प्रत्येक कादंबरीत सुरुवातीलाच एक तरी मुडदा पडायचा. गल्लीने तिचं नाव ठेवलं खूनबाई, आणि तिलाही ते मनापासून आवडलं.

नवरा शाळेत लॅटिन शिकवायचा, म्हणून सगळ्यांचा मास्तर. मास्तरांना एक खूळ होतं. आजकालच्या लेखकाचं पुस्तक आवडलं, की त्याच्या आडनावाला 'उस' नाहीतर 'आ' असं लॅटिन शेपूट लावायचं आणि ती चिठ्ठी पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायची. जुन्या काळी पंडित आपली नावं अशी सजवत, तोच मान मास्तर आजच्या लेखकांना घरबसल्या देत. कपाटात अशा मानकऱ्यांची भाऊगर्दी झाली होती. खूनबाईची पुस्तकं मात्र तळाच्या फळीवर, बोडक्या पाठीने.

"मला मेलं काय त्याचं!" ती नणंदेला म्हणायची. पण तिचं नवं पुस्तक कपाटात गेलं की फडकं मारायच्या निमित्ताने पाठ बघायची. कोरी दिसली की त्या दिवशी भांडी जोरात आपटायची. नवरा आपलं लिखाण हलकं समजतो, हे तिला फार लागायचं.

एक दिवस केक-बिस्किटांच्या पुस्तकाला चिठ्ठी लागली. मग मात्र तिचं डोकं फिरलं.

"केकवाली चालते, आणि मी नाही? अहो, माझी पुस्तकं वाचता तरी का?"

"वाचतो तर! मागच्या वेळी तू त्या डॉक्टरला मारलंस, मला झोप लागली नाही."

"मग चिठ्ठी कुठाय?"

मास्तर अवघडले. "अगं, तुझं आडनाव म्हणजे माझंच की. त्याला मीच मान द्यायचा? लोक म्हणतील, मास्तरांनी स्वतःचीच आरती ओवाळून घेतली."

खूनबाई आधी खो खो हसली, मग तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जिला ती तुच्छता समजत होती, ती निघाली नुसती लाज! जगाच्या खुनांचा छडा लावणाऱ्या बाईच्या दिव्याखालीच अंधार.

"मग माझ्या माहेरचं आडनाव घ्या," ती म्हणाली.

तिच्या वडिलांनी गोदामात पोती वाहून तिला शिकवलं होतं. मास्तरांनी ते आडनाव लॅटिनमध्ये वळणदार अक्षरांत लिहिलं आणि कागद तिच्यापुढे धरला. "बघ, बरोबर आहे?"

खूनबाईला लॅटिनमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

"बाबांनासुद्धा वाचता आलं नसतं," ती म्हणाली, आणि चिठ्ठी तिने स्वतःच्या हाताने चिकटवली.