एकाच दांड्यावरचे कोट

टाकेमावशीच्या शिवणखोलीत कपडे टांगायला एकच लोखंडी दांडा होता, आणि त्या दांड्यापायी दोघी बहिणींची रोज जुंपायची.

गिऱ्हाइकांचे कपडे त्याच्यावर, आणि चर्चमध्ये गरिबांसाठी जमा होणारे जुने कपडेही त्याच्यावरच. मावशी ते जुने कपडे उसवायची, अस्तर बदलायची, आणि ज्याला द्यायचे त्याला आरशासमोर उभं करून माप घ्यायची. तोंडात टाचण्या धरून विचारायची, "खांद्यात ओढतंय का?" फुकट न्यायला आलेला माणूस बावचळायचा. त्याला असं कुणी कधी विचारलेलंच नसायचं.

"अगं ताई, निदान वेगळे तरी टांग," धाकटी बहीण म्हणायची. ती बिनलग्नाची, मावशीकडेच राहायची. हाताने काजं-बटणं करायची आणि तोंडाने कात्री चालवायची.

"का? शेजारी टांगले म्हणून कपडे तुझ्यासारखे भांडतात होय?"

मावशीचा हात सढळ, असं गल्लीभर बोललं जाई. तिलाही ते थोडंफार खरं वाटे. फक्त पलंगाखालच्या ट्रंकेला कुणाचा हात लागत नसे. तीत गर्द निळं लोकरी कापड होतं. कापड गिरणीत काम करणाऱ्या नवऱ्याने 'तुझ्या कोटासाठी' म्हणून ते आणलं, आणि कोट शिवायच्या आत तो गेला. मग मावशीने ते चांगल्या दिवसासाठी ठेवलं. दर उन्हाळ्यात ऊन दाखवायची, घडी घालून परत ठेवायची. चांगला दिवस काही उगवेना. अलीकडे गुडघे कुरकुरायला लागले, तसं ऊन दाखवणंही राहून गेलं होतं.

त्या हिवाळ्यात मावशी दवाखान्यात गेली असताना खानावळीत भांडी घासणारी बाई तिच्यासाठी ठेवलेला जुन्या कपड्यांतला कोट न्यायला आली. तपकिरी कोट, एवढंच धाकटीला ठाऊक. दांड्यावर तपकिरी कोट दोन होते. गेला तो डॉक्टरीणबाईंचा, नुसतं अस्तर बदलायला दिलेला.

रविवारी चर्चमध्ये मावशीच्या ते ध्यानात आलं. एरवी भांडीवाली दारालगतच्या बाकावर, आपल्या अंगाचा वास कुणाला येऊ नये अशी आक्रसून बसायची. आज ती मधल्या बाकावर होती, ताठ मानेने गात. मावशीने डॉक्टरीणबाईंच्या कोटाची कॉलर ओळखली.

"जा, परत माग," घरी आल्यावर धाकटी रडवेली झाली. "तिचा तिला दे. समजून घेईल बिचारी."

"घेईलच गं. जन्मभर तिला समजूनच घ्यावं लागलंय."

"आणि डॉक्टरीणबाईंनी बोभाटा केला म्हणजे? कुत्रं विचारणार नाही आपल्याला!"

कोट डॉक्टरीणबाईंचा, तो देऊन टाकायचा हक्क मावशीचा नव्हता. आणि आजवर आपण वाटलं ते सगळं दुसऱ्यांच्याच कपाटातलं, हेही तिला त्या दुपारी पहिल्यांदा नीट दिसलं. ती गुडघे धरत वाकली आणि तिने ट्रंक ओढली.

घडी उलगडली तर एका कडेला कसर लागलेली. चाळणीसारखी बारीक बारीक भोकं. पृथ्वीवर साठवलेल्या संपत्तीला कसर आणि गंज लागतो, हे बायबलातलं वचन तिने लहानपणापासून ऐकलेलं. पण ते पैसेवाल्यांसाठी आहे, अशीच तिची समजूत होती.

गावाला गेलेल्या डॉक्टरीणबाई परतल्या तशी मावशी ते कापड घेऊन त्यांच्याकडे गेली आणि घडलं ते सांगून मोकळी झाली.

"म्हणजे माझ्या कोटावर तुमचा दानधर्म?" बाई कडाडल्या.

"दानधर्म कसला बाई, घोटाळा. कोट तुमचाच आहे. म्हणाल तर आत्ता जाऊन घेऊन येते. पण त्याच्याऐवजी हे चालणार असेल, तर मी नवा शिवून देते. तिच्या अंगावरचा उतरवू नका, एवढंच मागणं."

बाई बराच वेळ धुसफुसत राहिल्या. मग त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. "असलं कापड हल्ली मिळत नाही. तुम्ही स्वतःला का नाही शिवलंत?"

"चांगल्या दिवसाची वाट बघत होते. कसरीला तेवढा दम नव्हता."

बाईंना हसू फुटलं. "बरं, शिवा. पण पोटात सैल ठेवा. त्या जुन्यात मला जेवून बसता येत नव्हतं. तो तिलाच लखलाभ होवो."

कात्री ठेवण्याआधी मावशीने कापडावरून एकदा हात फिरवला. पहिला काप गेला आणि मग कात्री सरसर चालली. नवरा समोर बसून बघतोय, असं तिला वाटत राहिलं. कसर लागलेली कड कापून टाकूनही कापड पुरलं. त्या दिवशी जेवणाआधी हात जोडून तिने देवाचे आभार मानले: भाकरीबद्दल, हातांबद्दल, आणि चुकलेल्या कोटाबद्दल. तिसऱ्या आभाराला धाकटी एवढ्या जोरात "आमेन" म्हणाली की मावशीचा एक डोळा उघडला.

नवा निळा कोट दांड्यावर चढला त्याच दिवशी भांडीवाली दारात उभी राहिली. जरा घुटमळली, मग म्हणाली, "मावशी, राग मानू नका, पण बाह्या मला अंमळ लांब होतात."

मावशीचा चेहरा उजळला. फुकट नेलेल्या कपड्याची तक्रार घेऊन आजवर या दारात कुणी आलं नव्हतं.

"राग कसला गं? ये, आरशासमोर उभी राहा." तिने टाचण्या तोंडात धरल्या, बाह्यांना खुणा केल्या, कोट उतरवून घेतला आणि दांड्यावर निळ्या कोटाच्या शेजारी टांगला.

धाकटीने तोंड उघडलं. मग ते तसंच मिटून तिने दोन्ही कोटांच्या खिशांत आतून ओळखीसाठी वेगवेगळ्या रंगाचा एकेक दोरा बांधला.