रुका साप आणि शेजारचे काका

“काऊन मारून राहिले रे त्याले? चढू द्या!” शेजारचे काका खाटेवरून ओरडले. ते इथे मुर्री गावात ओरडले की तिकडे दूर आमगावच्या फलाटावर लोक गाडी आली म्हणून सामान उचलतात. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडावर रुका साप सरळ वर चालला होता. लोकांच्या काठ्या खाली आल्या.

काकांना उठताना भोवळ येते. ते खाटेवरून उठेपर्यंत धान लोंबीवर येतं. काकू होत्या तोवर ते त्यांच्या खांद्याला धरून उठायचे.

झाडावरच्या सापाला भोवळ का येत नाही, हे मीच त्यांना सांगितलं होतं. त्याचं काळीज डोक्याजवळ असतं, अंग आवळलेलं असतं, म्हणून रक्त शेपटीत उतरत नाही. शिवाय वळवळून तो ते वर ढकलतो. माझ्या हजार थापांमधली ही एकच गोष्ट खरी, आणि काकांनी नेमकी तीच धरली.

साप पाल्यात दिसेनासा झाल्यावर त्यांनी पोटऱ्या आवळल्या, कंबर वळवळवली आणि डोळे मिटून ते खाटेवरून उभे राहिले. डावा हात सवयीनं काकूंच्या खांद्याच्या उंचीवर गेला. काका डुलले, पण पडले नाहीत.

“काका, हात देऊ का?” मी पुढे झालो.

“राहू दे. मंग उद्या कोन देते?”