तिसरी विचारणा

"तू हो म्होरं. माझ्यामागं गोगलगायीवानी आलीस तर दोघींचीबी संध्याकाळ हितंच व्हायची."

"न्हाई गं, येते की मागनं. पडलीस-बिडलीस तर?"

"पडायचं ते पडून झालंय," अर्डिस म्हणाली. "हो म्होरं."

डोरीनला शब्द झोंबला. थोरल्या बहिणीच्या वॉकरला वळसा घालून ती मुकाट पुढं झाली.

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या भर बाजारात, हॉस्पिटलासमोरच्या बागेत, जमिनीत विटा बसवून केलेली ही वेटोळी वाट. लॅबिरिंथ, म्हणजे भूलभुलैया, म्हणतात तिला. नाव ऐकून माणसानं दचकावं, पण आत चुकायला काहीच नाही. वाट एकच, एका माणसापुरती. फिरत फिरत मधल्या चौथऱ्यापर्यंत जाते आणि आल्या वाटेनंच माघारी आणते. भिंत नाही, कुंपण नाही, नुसती पांढऱ्या विटांची रेघ. मनात आणलं तर कुणीही चार ढांगांत बाहेर पडेल. पण रेघ ओलांडायची नाही, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा पाळतं. खुबा मोडलेल्यांना हॉस्पिटलातली कसरतवाली पोरगी इथं आणून सोडते आणि आपण बाकड्यावर कॉफी पीत बसते. एप्रिल निम्मा सरला होता, तरी गावाला लागून पसरलेल्या अफाट तळ्यावरचा वारा कान कापत होता, आणि हिवाळ्यात बर्फावर टाकलेली वाळू विटांच्या फटींत अजून करकरत होती.

डोरीन शाळेची बस चालवते, त्याला एकवीस वर्षं झाली. सकाळची फेरी नऊला उरकते, दुपारची अडीचला लागते. मधल्या वेळात ती तीन महिने बहिणीच्या उशाशी बसत होती. सूप न्यायची, उशी झाडायची आणि सांगायचं ते घशातच ठेवून परत यायची. आता मात्र दिवस उरले नव्हते. सोमवारी अर्डिसचं घर दुसऱ्याचं होणार होतं. जिन्याच्या घरात राहणं तिला आता या जन्मी जमणार नव्हतं.

जानेवारीत घडलं ते एवढंच. अर्डिसला डोळे दाखवायला जायचं होतं. डोरीननं फोनवर विचारलं, "सोडू का गाडीनं?"

"नको गं, बस हाय की."

"अगं, सोडते."

"नको, दमली असशील तू."

आता त्या मुलखाची रीत अशी, की पहिल्या दोन खेपांना नको म्हणायचं. पोटात कावळे ओरडत असले तरी नको. तिसऱ्यांदा विचारलं, की मग "बरं, तुला वाटेवरच असंल तर" म्हणत उठायचं. दुसऱ्यांदाच हो म्हणणारा हावरा. आणि दोनदा विचारून थांबणारा? त्याला नाव ठेवायची वेळच कधी आलेली नाही. डोरीन त्याच मातीत वाढली होती. फोनवर पलीकडं अर्डिस थांबली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. डोरीन म्हणाली, "बरं तर."

तासाभरानं बसथांब्यावरच्या बर्फात अर्डिसचा पाय सटकला आणि खुबा मोडला.

पहिल्या वळणानंतर वाटेनं दोघींना समोरासमोर आणलं. मध्ये एक रेघ.

"गॉर्डी कसा हाय?" अर्डिसनं डोरीनच्या नवऱ्याची चौकशी केली.

"पाठ धरलीय त्याची. तोंड मात्र मोकळं हाय."

अर्डिस हसली. वाटेनं पुन्हा दोघींना लांब नेलं. पुढच्या खेपेला बहीण जवळ आली, तेव्हा तिनं खाली विटांकडं बघतच सांगून टाकलं.

"अर्डिस, मी तिसऱ्यांदा विचारलं न्हाई तुला."

बोलली खरी, पण पाय चालतच राहिले आणि वाट तिला पार पलीकडच्या कडेला घेऊन गेली. उत्तर ऐकायचं तर अख्खा फेरा घ्यायला हवा. वॉकर सहज सरकावा म्हणून त्याच्या पायांना टेनिसचे चेंडू लावले होते. त्यांचं सरपटणं पाठीमागं ऐकू येत होतं, थांबत नव्हतं, वाढतही नव्हतं. वळून बघायची डोरीनची छाती झाली नाही.

"ठावं हाय," समोर आल्यावर अर्डिस म्हणाली. "मी मोजत व्हते."

डोरीन जागीच थांबली. "मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? आणि एकदा विचार, असं सांगू? आई थडग्यातनं उठून आली असती आन दुसरं तंगडंबी मोडलं असतं तिनं." मग वॉकरवर रेलून तिनं विचारलं, "थांबलीस कशापायी?"

गॉर्डीच्या पाठीवर ढकलता आलं असतं. डोरीनच्या जिभेवर आलंही होतं.

"पाय गरम पाण्यात सोडले व्हते," ती म्हणाली. "मीठ टाकून. पुसायचा कंटाळा आला."

"पाण्यात?"

अर्डिस हसायला लागली. इतकी हसली, की बाकड्यावरची पोरगी कॉफी ठेवून अर्धवट उठली. हसू सरल्यावर अर्डिसनं बाहीनं डोळे पुसले.

"तीन महिने पडल्या पडल्या म्या तुझ्यासाठी कारणं हुडकली," ती म्हणाली. "म्हणलं, गॉर्डीचं काय तरी झालं असंल. न्हाईतर बसमधल्या कुणाच्या लेकराला लागलं असंल आन ही बिचारी कुणापाशी बोलत नसंल. तुझ्यासाठी प्रार्थना केली गं म्या. आन तू पाय शेकत व्हतीस."

"चुकलं माझं."

"व्हय. चुकलं."

तिकडं एकानं चुकलं म्हटलं, की दुसरा लगेच जाऊ दे म्हणतो. अर्डिस म्हणाली नाही. डोरीननं थोडी वाट पाहिली.

"शनिवारी ये," अर्डिस म्हणाली. "तळघरात बिटाच्या आन काकडीच्या बरण्या हायत, दोनशे तरी असतील. कागदात गुंडाळायच्या."

"गॉर्डीलाबी आणते."

"एकटी ये. आता चल, माझ्यामागं माणूस खोळंबलाय."

अर्डिसच्या मागं टाय लावलेला एक बाबा हात बांधून आभाळाकडं बघत उभा होता.

डोरीन चौथऱ्यापर्यंत गेली आणि त्याच वाटेनं माघारी निघाली. अर्डिस आणखी तीनदा शेजारून गेली. शेवटच्या खेपेला वॉकरचा पाय विटेत अडकला, तेव्हा डोरीनचा हात पुढं झाला. पण अर्डिसनं वॉकर आधीच सोडवला होता.

दोनला डोरीन बसच्या आगारात पोचली. टायरला लाथ घालून पाहिली, दिवे पाहिले, संकटकाळचं मागचं दार उघडून परत लावलं. चालकाच्या जागेवर बसल्यावर वरच्या आरशात स्वतःचंच तोंड दिसलं. तिनं तो आरसा पोरांच्या बाकांकडं वळवला आणि बस फाटकाबाहेर काढली.