पावणेसहाची बस आणि सभागृहाची किल्ली

मावशींच्या कमरेला वीतभर लांब किल्ली असे, नगरपालिकेच्या सभागृहाची. सव्वीस वर्षं त्या ते दार उघडत, झाडलोट करत, साठ खुर्च्या पुसत आणि सभासद यायच्या आत मागच्या जिन्याने निघून जात. त्यामुळे त्यांना ओळखणारा सभासद दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. दुसरी किल्लीही होती बरं का! हरवू नये म्हणून ती सभागृहातल्याच कपाटात जपून ठेवलेली.

मावशींचं घर शहराच्या पार टोकाला. पावणेसहाच्या पहिल्या बसने त्या येत. बसमध्ये माणसं मोजून अकरा, त्यात पावाचा भट्टीवाला आणि पाण्याचा पंपवालाही, पण गप्पा शंभर जणांच्या. मावशी चढल्या की ड्रायव्हर विचारी, "मावशी, किल्ली घेतली का?"

"तू ब्रेक घेतलास का?"

रोजचा विनोद, पण रोज हसू ताजं.

मग सभेत नवे हिशेबवाले साहेब आले. "अकरा माणसांसाठी एवढी मोठी बस?" ते कडाडले. "तिकिटातून डिझेलसुद्धा सुटत नाही, उरलेला खर्च पालिकेच्या माथी! म्हणजे झोपलेल्यांच्या पैशावर जागे लोक फिरतात." टाळ्या पडल्या. सोमवारपासून बस बंद, आणि ती कायमची बंद करायचा ठराव त्याच सकाळी आठच्या सभेत.

मावशींचे गुडघे म्हणजे गंजक्या बिजागऱ्या. रोजची दोन-तीन तासांची पायपीट कशी झेपणार? लेक म्हणाली, "आई, देऊन टाक किल्ली." राखेने घासघासून मावशींनी किल्ली लख्ख केली. परत द्यायची तर चांगल्या तोंडाने द्यावी.

सोमवारी त्या चालत निघाल्या. पोचायला नऊ वाजले. बघतात तर काय, पायऱ्यांवर अख्खी नगरपालिका फायली बगलेत मारून ताटकळतेय! उपाहारगृहात पाव नाही, भट्टीवाला वाटेतच. नळाला पाणी नाही, पंपवालाही वाटेतच.

"कोण हो तुम्ही? ही काय यायची वेळ झाली?" हिशेबवाले साहेब खेकसले.

"किल्लीवाली. चालत आले, साहेब. कुणा शहाण्याने आमची बस बंद केलीय म्हणे."

साठ माना साहेबांकडे वळल्या. अध्यक्षबाईंनी तोंडावर फाईल धरली, पण खांदे हलायचे ते हललेच.

मावशींनी किल्ली पुढे केली. "ही घ्या. आता माझ्याने होणार नाही."

"अहो मावशी, ठेवा ती! आधी दार तर उघडा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

दार उघडलं. साहेब आत घुसणार, तोच मावशींनी झाडू आडवा धरला. "थांबा. धुळीत मी कुणाला बसवत नाही. घाई असेल तर हे फडकं घ्या, मागच्या दोन रांगा तुमच्या."

बाकीच्यांनीही बाह्या सावरल्या. साहेबांनी निमूटपणे खुर्च्या पुसल्या. पाचव्या खुर्चीला कंबर धरली, आठवीला म्हणाले, "हे रोज? साठ?"

"सव्वीस वर्षं."

अध्यक्षबाईंनी विचारलं, बस सुरू ठेवावी असं किती जणांना वाटतं? सगळ्यात आधी वर गेलेल्या हातात मागच्या दोन रांगांचं फडकं होतं.

मंगळवारी पावणेसहाला बस थांब्यावर हजर.

"मावशी, किल्ली घेतली का?"

"तू ब्रेक घेतलास का?"

अकरा जण खळखळून हसले. बारावे प्रवासी, हिशेबवाले साहेब, पुढचा थांबा आल्यावर हसले.