पाण्यातली पावडर

केशरबाईच्या शेडमधली कोंबडी मरत नाही, हे बडनेऱ्यापासून पार मूर्तिजापुरापर्यंत ठाऊक होतं. कंपनीचा माणूस पिल्लं टाकून जायचा, औषधाची पाकिटं द्यायचा आणि चाळीस दिवसांनी भरले पिंजरे उचलायचा. एक कोंबडी शिंकली की केशरबाई पाच हजार कोंबड्यांच्या पाण्यात पावडर कालवायची. पुढं पुढं तर शिंकेचीही वाट पाहिली नाही. काळजी घ्यायची तर आधीच घ्यावी, असा तिचा खाक्या.

लेकीच्या बाबतीतही तेच. नीलमचं पहिलं बाळंतपण, सिझर झालेलं. जवाई संघपाल म्हणाला, अमरावतीतच राहू द्या, दवाखाना जवळ पडतो. ऐकेल ती केशरबाई कसली! लेकीला तिनं शेडलगतच्या घरी आणलं. सकाळी कोंबड्यांचं पाणी करायचं, हात खंगाळायचे आणि लेकीच्या अंगाला तेल लावायला बसायचं. नवव्या दिवशी टाक्यांतून पू आला, अंग तव्यासारखं तापलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पुवाच्या तपासणीचा रिपोर्ट समजावला. या जंतूंवर कोणती औषधं चालत नाहीत, त्यांची नावं वाचली. तिसऱ्या नावाला केशरबाईनं मान वर केली.

"हे तं माह्या कोंबड्याइचं औषध हाय."

"कोणत्या आजारासाठी देता?"

"बिमार नाई त्या. बिमार पडू नये म्हून देतो."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, औषध सारखं दिलं की त्याला न जुमानणारे जंतूच मागं उरतात, आणि हातांवरून, मांसावरून माणसापर्यंत पोचतात. नीलमचे जंतू शेडमधले की दवाखान्यातले, हे मात्र छातीठोकपणे कुणालाच सांगता यायचं नाही.

शेवटचं औषधही देऊन झालं. सहाव्या दिवशी नीलम गेली. केशरबाईला बोल लावायला कुणाची जीभ रेटू नये; पाकिटं देणाऱ्यानं तिला कधी काही सांगितलंच नव्हतं. पण तिनं स्वतःला सोडलं नाही.

नीलमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी संघपालनं बाळ तिच्यापुढं धरलं.

"मामी, इले तुमच्याजवळच ठेवा. मले ड्युटी हाय."

केशरबाईचं काळीज तुटलं. लेकीचं म्हणून तेवढंच उरलं होतं, आणि तिला ते हवं होतं. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"नाई जवाईबापू. तुमच्या मायजवळ न्या," ती म्हणाली. "माह्या हातात देऊ नका."