ओवीच्या पेशीचं दार

लहान मुलांच्या डायबेटिस क्लिनिकात नोकरी केली की किस्से नको म्हटलं तरी साठतात. मालाडच्या आमच्या क्लिनिकात मी आईबापांना इंजेक्शन द्यायला शिकवते. घरी एखादा किस्सा सांगायला घेतला की नवरा म्हणतो, "जेवताना नको यार!" म्हणून तुम्हाला सांगते.

*

आमच्या डॉक्टर सावंत मॅडमना शिकवायची भारी हौस. इन्सुलिन कसं सुटतं, ते त्या खोलीचं दार उघडून-लावून दाखवतात. "साखर वाढली की पेशीचं पोटॅशियमचं दार बंद होतं. ते झालं की कॅल्शियमचं उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर!"

दिंडोशीचे एक आजोबा नातवाला घेऊन यायचे. जुने गिरणी कामगार. सगळं नीट ऐकून म्हणाले, "बाई, आमच्या गिरणीचं दार बंद झालं, तेव्हा दुसरं कुठलंच उघडलं नाय."

मॅडमनी त्या दिवशी पुढचं शिकवलंच नाही.

*

बोरिवलीच्या एका घरात मुलीला डायबेटिस, म्हणून गोड बंद. पण आई-बाबा बाथरूममध्ये नळ सोडून आंबा खायचे! एकदा पोरीनं बाहेरून दार वाजवलं, "तुम्ही खा ना, मला नकोय. पण नळ बंद करा, पाणी चाललंय!"

हे सांगताना तो बाप माझ्यासमोर ढसाढसा रडला.

*

मढची कल्पना मासे विकते. तिची ओवी दीड महिन्याची असल्यापासून इन्सुलिनवर. तीन वर्षं रोज टोचून त्या इवल्याशा मांडीवर जागा उरेना. एकदा साखर इतकी चढली की मीटरवर आकडाच येईना. बघतो तर काय, हिनं इन्सुलिन मासळीच्या बर्फात ठेवलेलं! गोठलं की ते वाया जातं. मी जाम ओरडले.

ती म्हणाली, "बरफान ठेवला त मावरा टिकतंय, मंग औषध कसा नाय टिकनार?"

चूक माझीच, मी सांगायला हवं होतं.

*

मग मॅडमनी ओवीची जीन टेस्ट करून घेतली. तिचं पोटॅशियमचं दार जन्मापासून उघडंच अडकलेलं. साखर कितीही वाढो, ते बंदच होत नव्हतं. ते बंद करणारी गोळी असते. गोळी सुरू केली, इन्सुलिन हळूहळू कमी केलं आणि एका सकाळी इंजेक्शन थांबलं! ओवीनं सवयीनं मांडी पुढे केली. मी म्हटलं, "आज सुई नाही गं बाय." आणि मलाच रडू फुटलं.

कल्पना रडली नाही. तिनं विचारलं, "ही गोली नवीन निंगालीय काय?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही. "नाही गं. खूप जुनी आहे."

ओवीच्या आधी कल्पनाला मुलगा झाला होता. दोन महिन्यांचा असताना तोही असाच सुकत सुकत गेला. त्याची साखर कुणी तपासलीच नव्हती.

निघताना ती दारातून परत आली. "मॅडम, एक गोली जास्तीची द्या."

"अगं, डोस मोजून दिलाय. ओवीला जास्त द्यायची नाही हं!"

"ओवीला नाय," ती म्हणाली. "तिचे भावाला."