तात्यांच्या दाढेतली रेघ

पडद्यावर तात्यांची दाढ उंबऱ्याएवढी दिसत होती आणि तिच्यावरून केसासारखी एक रेघ गेली होती. "ही बघा, दाढ तडकलीय," बारामतीच्या दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. खुर्चीतल्या तात्यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तोंडात कापसाचे बोळे असतानाच, माझ्याकडे पाहिलं. मला तोंड कुठं लपवू असं झालं.

कारण चार महिन्यांपूर्वीच त्यांनी हे दुखणं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

आमचं गाव सणसर. ऊस तोडणीला आला की नाही, हे तात्या कांडं दातानं सोलून, चावून सांगतात. कारखान्याच्या माणसाकडे गोडी मोजायची दुर्बीण असते, तरी शेजारपाजारचे आधी तात्यांकडेच येतात. आपल्या दातांचा त्यांना भारी अभिमान.

एकदा बाजरीची भाकरी खाताना ते कळवळले. "चावताना न्हाय गं पोरी, दात सोडताना कळ येती." असलं दुखणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, तो स्वच्छ. मग मला वाटलं, माझी भाकरीच यांना आवडत नाही. मी नवऱ्याला म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" तात्या दाराशीच बसले होते.

त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. आणि मला शहाणीला वाटलं, दुखणं थांबलं.

मग एक दिवस शेजारचे आबा ऊस घेऊन आले, तर तात्यांनी तो तसाच परत दिला. "दुसऱ्या कुणाला तरी इचार." तेव्हा कुठं मला कळलं, दाढ अजून दुखतेय. दुसऱ्या दिवशी त्यांना स्कूटीवर मागे बसवलं आणि काटेवाडीवरून थेट बारामती गाठली.

दात सोडताना कळ येते, हे ऐकून डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "तडकलेल्या दाढेची हीच खूण," म्हणाल्या. त्यांनी लूप्स घातले, म्हणजे भिंगं बसवलेला चष्मा. दाढेच्या एकेका कोपऱ्याखाली प्लास्टिकचा तुकडा ठेवून चावायला लावलं. बाजूनं उजेड टाकला. जिथं चीर असते तिथं तो अडतो. मग पेनएवढ्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. एक्स-रेत इतकी बारीक चीर बहुतेकदा दिसतच नाही.

"चीर मुळापर्यंत गेली असेल तर दाढ काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "जुनं फिलिंग काढल्यावरच कळेल. त्यासाठी पुढच्या आठवड्यात या." फिलिंग म्हणजे कीड कोरून भरलेलं सिमेंट.

तो आठवडा मला फार जड गेला. दाढ गेली असती तर ती माझ्या हट्टानं गेली, असंच मला वाटलं असतं. फिलिंग काढायच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून मी पदराचं टोक पिळत होते.

शेवटी आत बोलावलं. नव्या फोटोत रेघ अर्ध्यातच थांबली होती. दाढ राहणार होती. वर क्राउन, म्हणजे टोपी, बसवायची. "पण ऊस दातानं सोलायचा नाही," डॉक्टरबाईंनी बजावलं. तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही बंदी मीच घातली होती.

टोपी बसली, कळ गेली, माझी भाकरी पुन्हा दुधाशिवाय जाऊ लागली. तुमच्या घरात कुणी असंच काही चमत्कारिक दुखणं सांगत असेल, तर हसू नका. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून माणूस खोटा ठरत नाही.

परवा आबा पुन्हा ऊस घेऊन आले. तात्यांनी तो कोयत्यानं सोलला आणि एक तुकडा माझ्यापुढे धरला. "आता तू चाखून सांगायचं."

"मला काय कळतंय त्यातलं, तात्या?"

"तू म्हणशील ते खरं," ते म्हणाले. "मी फोटू मागणार न्हाय."